काल्क्रीझ: बुटाच्या खिळ्यांवरून शोधलेलं रणांगण

रोमन सैनिकाच्या बुटाच्या तळव्याला ठोकलेला लोखंडी खिळा बोटाच्या पेरावर मावतो. दोन हजार वर्षं ओल्या वाळूत राहिला की गंजाबरोबर वाळूचे कण त्याला चिकटतात आणि त्याचा एक तांबूस खडा होतो. नवख्या माणसाने तो सहज फेकून दिला असता. उत्तर जर्मनीत ऑसनाब्रुक शहराच्या उत्तरेला काल्क्रीझ नावाचं गाव आहे. तिथल्या उत्खननात मी विद्यार्थिनी म्हणून एक उन्हाळा काढला आणि माझं बरंचसं काम असे खडे हुडकण्याचं होतं. पुण्यात डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वात एम. ए. करून पुढच्या शिक्षणासाठी मी जर्मनीत आले होते. तिथे ज्या वादाबद्दल सगळ्यात जास्त ऐकलं, त्याच वादाच्या जागेवर खुरपी घेऊन बसायला मिळणार म्हटल्यावर मी सुट्टीतलं घरचं तिकीट पुढे ढकललं.

वाद एका लढाईच्या जागेचा. इसवी सन ९ मध्ये रोमन साम्राज्याची सरहद्द ऱ्हाईन नदी ओलांडून एल्ब नदीच्या दिशेने सरकत होती. क्विंक्टिलियुस वारुस हा त्या मुलखाचा सुभेदार. खेरुस्की टोळीतल्या सरदाराचा मुलगा आर्मिनियस हा त्याच्या विश्वासातला माणूस होता. तो रोमन सैन्यात लढलेला, रोमन नागरिकत्व मिळवलेला होता. त्याच आर्मिनियसने वारुसला नेहमीची वाट सोडायला लावली, आणि १७, १८, १९ या क्रमांकांच्या तिन्ही लीजन, म्हणजे रोमन सैन्याच्या मोठ्या तुकड्या, जंगल आणि दलदलीच्या मुलखात कापून काढल्या. वारुसने स्वतःच्या तलवारीवर पडून जीव दिला. रोमने ते क्रमांक पुन्हा कुठल्याही लीजनला दिले नाहीत. सरहद्दही शेवटी ऱ्हाईनवरच राहिली.

पानिपत कुठे आहे हे आपल्याला कुणाला विचारावं लागत नाही. इथे मात्र एवढा मोठा संहार होऊनही जागाच हरवली. टॅसिटस या रोमन इतिहासकाराने ‘ट्युटोबुर्गचं अरण्य’ असा उल्लेख केलाय, पण नुसत्या त्यावरून कुणी तिथे पोचू शकत नाही. आज नकाशावर त्या नावाची डोंगररांग दिसते खरी, पण ते नाव तिला सतराव्या शतकात टॅसिटस वाचलेल्या विद्वानांनी दिलं. आधी ती ऑस्निंग म्हणून ओळखली जायची. त्याच रांगेत डेटमोल्डजवळ १८७५ मध्ये आर्मिनियसचा भव्य पुतळा उभा राहिला आणि लोकांच्या मनात जागा पक्की झाली. काल्क्रीझ तिथून वायव्येला सत्तरएक किलोमीटर. लढाईचं सविस्तर वर्णन कॅसियस डिओ या इतिहासकाराने लिहिलंय, तेही घटनेनंतर जवळपास दोनशे वर्षांनी. पाऊस, वादळ, चिखल, दाट झाडी हे सगळं त्यात आहे, पण तेवढ्यावरून कुठलंही जर्मन खोरं चालेल. आजवर सातशेच्या वर जागा सुचवल्या गेल्यात असं म्हणतात.

वस्तूंवरून जागा ठरवायचा पहिला मोठा प्रयत्न थेओडोर मॉमसेन या इतिहासकाराचा. काल्क्रीझजवळच्या बारेनाऊ इस्टेटीच्या मालकांकडे आसपासच्या शेतांत सापडलेल्या रोमन नाण्यांचा संग्रह होता. मॉमसेनने तो तपासून घेतला. नाणी सम्राट ऑगस्टसच्या काळापर्यंत येतात आणि तिथेच थांबतात, हे त्याला दिसलं. १८८५ मध्ये त्याने मांडलं की वारुसची लढाई इथेच झाली. विरोधकांनी विचारलं, लढाई झाली तर हत्यारं कुठे आहेत? नाणी काय, व्यापारीही पुरून ठेवतो. प्रश्न रास्त होता. मॉमसेनचं म्हणणं पुढे शंभर वर्षं बाजूला पडलं.

ते पुन्हा उचललं टोनी क्लन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने. त्याची नेमणूक ऑसनाब्रुकला होती आणि मेटल डिटेक्टर घेऊन जुनी नाणी शोधायचा त्याला नाद होता. त्याने जे पहिलं पाऊल उचललं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. तो आधी तिथले पुरातत्त्वज्ञ व्होल्फगांग श्ल्यूटर यांना जाऊन भेटला. जुन्या नोंदी, जुने नकाशे बघितले, आणि मगच १९८७ च्या उन्हाळ्यात शेतात उतरला. चांदीची नाणी मिळाली. पुढच्या वर्षी मिळाले शिशाचे तीन गोफणगुंडे. आकाराने बदामासारखे, ओबडधोबड, विकायला कवडीमोल. पण शिशाचे गोफणगुंडे खिशात घेऊन कुठलाही व्यापारी फिरत नाही. मॉमसेनला जो प्रश्न विचारला गेला होता, त्याचं उत्तर हे होतं. १९८९ पासून तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन सुरू झालं.

जागा पाहिली की लढाईचा डाव लगेच लक्षात येतो. दक्षिणेला काल्क्रीझची टेकडी, उत्तरेला पसरलेली दलदल, आणि दोन्हींच्या मधून जाणारी वाळूची अरुंद पट्टी. हजारो माणसं, खेचरं, गाड्या घेऊन निघालेल्या सैन्याला याच चिंचोळ्या जागेतून जावं लागणार. आमचं काम चालायचं ते ओबरएश नावाच्या शेतात, टेकडीच्या पायथ्याशी. तिथे गवताच्या ढेपा रचून केलेल्या एका जुन्या बांधाचा माग मिळाला आहे. सगळ्यात जास्त वस्तू त्या बांधाच्या कडेने सापडतात.

मला या शेताची माती विलक्षण वाटली. मध्ययुगापासून इथले शेतकरी माळावरचं गवत मुळांसकट ढेपांनी कापून आणत, गोठ्यात जनावरांखाली अंथरत, आणि शेणामुतात भिजलेलं ते सगळं शेतात नेऊन पसरत. वाळूची जमीन, खताशिवाय काही पिकायचं नाही. पिढ्यानपिढ्या हे चालू राहिलं आणि रोमन काळची जमीन काही ठिकाणी जवळपास मीटरभर खाली गेली. नांगराचा फाळ तिथवर पोचलाच नाही. पोट भरण्यासाठी राबणाऱ्या त्या शेतकऱ्यांनी, त्यांना कल्पनाही नसताना, एक रणांगण झाकून ठेवलं. खड्ड्याच्या भिंतीत हा थर अगदी स्पष्ट दिसतो. वर काळपट तपकिरी माती, आणि तिच्याखाली एकदम पिवळी वाळू. ती रेघ दिसली की आमच्या पर्यवेक्षकांचा आवाज आपोआप बारीक व्हायचा.

पण तोच थर डिटेक्टरच्या आड येतो. मीटरभर मातीखालचा एवढासा खिळा यंत्राला ऐकू जात नाही. म्हणून माती पातळ पापुद्र्यासारखी काढायची, डिटेक्टर फिरवायचा, पुन्हा माती काढायची, पुन्हा फिरवायचा. हौशी लोक आपल्या यंत्रावर लोखंड वगळायची सोय चालू ठेवतात, कारण त्यांना नाणी हवी असतात आणि गंजके खिळे म्हणजे त्रास. आमच्याकडे ती सोय बंद. लोखंड वगळलं तर सैनिकाचे बूटच वगळले गेले. त्यामुळे यंत्र सारखं कुरकुरत राहायचं. ट्रॅक्टरचा नट, कुंपणाची तार, बाटलीचं झाकण, घोड्याच्या नालेचा तुकडा, सगळं खणून बघायचं. डिटेक्टरची तबकडी जमिनीला समांतर ठेवून, आधीच्या फेरीचा निम्मा पट्टा पुन्हा घेत, हळू हळू पुढे सरकायचं. खांदा भरून यायचा. पायात धातूची कडी नसलेले रबरी बूट, कारण स्वतःचेच बूट यंत्राला बोलायला लावतात.

पहिला खिळा मिळाला त्या दिवशी पाऊस नुकताच थांबला होता. आवाज बारीक होता, एकाच ठिकाणी, दोन्ही दिशांनी फिरवलं तरी तसाच. मी बसले आणि खुरपीच्या टोकाने वाळू बाजूला केली. तांबूस खडा दिसला. हात पुढे गेलाच होता, तेवढ्यात मागून पर्यवेक्षकांचा आवाज आला, “थांब, उचलू नकोस. आधी झेंडा.”

मग पूर्ण विधी. शेजारी छोटा झेंडा रोवायचा. टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्रावरच्या मुलाने प्रिझम खड्यावर धरून तीन आकडे घ्यायचे, पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण आणि उंची. फोटो. खिळ्याचं डोकं वर आहे की खाली, टोक कुठल्या दिशेला, माती कुठल्या रंगाची, हे वहीत लिहायचं. मग आजूबाजूच्या वाळूसकट खड्याखाली खुरपी घालून तो अख्खा उचलायचा, पिशवीत ठेवायचा, पिशवीवर नंबर. एका खिळ्याला इतका वेळ! त्या दिवशी रात्री आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, “अगं, एवढं तिकडे जाऊन खिळाच सापडला का? सोन्याचं नाणं तरी मिळायचं.” सोन्याची नाणीही तिथे मिळालीत, २०१६ मध्ये एकाच भागात आठ. पण आईला जे मी फोनवर नीट सांगू शकले नाही ते असं, की नाण्यापेक्षा खिळ्याचा पुरावा जास्त टिकतो. नाणं हातोहात फिरतं, वर्षानुवर्षं वापरात राहतं, लुटलं जातं, पुरलं जातं. बुटाचा खिळा चालताना, पळताना, पडताना गळतो आणि गळला तिथेच राहतो. त्याच्यासाठी कुणी वाकत नाही. असे खिळे एका रेषेत मिळू लागले की माणसं कुठून कुठे गेली ते दिसतं, आणि एका जागी दाट झाले की तिथे काय झालं असेल त्याचा अंदाज येतो.

वस्तू रोमन आहे एवढ्यावर काही सिद्ध होत नाही, हे आम्ही डेक्कन कॉलेजात शिकलो होतो. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची देखणी मूर्ती मिळाली. तेरला रोमन जगाशी व्यापार असल्याच्या खुणा मिळाल्या. म्हणून रोमन फौजा पंचगंगेच्या काठी आल्या होत्या असं कुणी म्हणत नाही. वस्तू येऊ शकते, आणली जाऊ शकते. काल्क्रीझला रणांगण ठरवलं ते वस्तूंच्या प्रकारांनी, त्यांच्या अवस्थेने आणि त्या जिथे पडल्या त्या जागांनी. शेजारच्या खड्ड्यात ढालीच्या कडेला बसवतात ती ब्राँझची पन्हळीसारखी पट्टी निघाली, तेव्हा मी धावत बघायला गेले. पट्टी हाताने मुडपून तिची घडी घातलेली होती. लढताना पट्टीची अशी घडी होत नाही. लढाई संपल्यावर कुणीतरी निवांत बसून ढालींवरचा धातू ओरबाडला, वितळवायला नेण्यासाठी दाबून लहान केला, आणि त्यातला हा तुकडा राहून गेला. इथला प्रसिद्ध लोखंडी मुखवटाही तसाच. घोडदळाच्या शिरस्त्राणाचा तो भाग, त्यावर चांदीचा पत्रा होता आणि तो उपटून नेलेला. मोठ्या तलवारी, अख्खी चिलखतं इथे क्वचितच मिळतात, कारण जिंकणाऱ्यांनी मैदान झाडून नेलं. राहिलं ते बारीकसारीक, किंवा बांध कोसळून त्याखाली गाडलं गेलेलं. बांधाच्या ढिगाऱ्याखाली गळ्यात घंटा असलेलं खेचर मिळालं होतं. त्या घंटेत काड्या-गवत कोंबलेलं होतं, आवाज होऊ नये म्हणून. वारुसच्या माणसांपैकी कुणीतरी शेवटच्या दिवसांत, शत्रूला चाहूल लागू नये म्हणून ते केलं असणार. ते वाचलं तेव्हापासून ती लढाई माझ्यासाठी पुस्तकातली राहिली नाही.

संध्याकाळी पिशव्या प्रयोगशाळेत जायच्या. तिथे खड्याचा एक्स-रे काढतात आणि गंजाच्या आतला खिळा पांढरा होऊन उमटतो. त्या काळातल्या खिळ्यांच्या डोक्याच्या आतल्या बाजूला कधी कधी क्रॉस आणि ठिपक्यांचं नक्षीकाम असतं, ते एक्स-रेतच दिसतं आणि काळ ठरवायला उपयोगी पडतं. २०१८ मध्ये मिळालेल्या चिलखताची गोष्ट प्रयोगशाळेत सगळे अभिमानाने सांगतात. लोखंडी पट्ट्यांचं ते चिलखत मातीच्या मोठ्या ठोकळ्यासकट उचललं. ठोकळा इतका जाड की विमानतळावरच्या सामान तपासायच्या यंत्रातूनही आत काही दिसेना. शेवटी फ्युर्टच्या मोठ्या सीटी स्कॅनरमध्ये नेलं तेव्हा आतल्या पट्ट्या दिसल्या. त्या प्रकारचं हे सगळ्यात जुनं आणि सगळ्यात पूर्ण चिलखत. शेजारीच मान आणि हात अडकवायची लोखंडी बेडी होती.

इथे रोमन सैन्याचा पराभव झाला, यावर आता फारसा वाद नाही. उरलेला वाद वेगळा आहे. वारुसनंतर काही वर्षांनी, इसवी सन १५ आणि १६ मध्ये, जर्मानिकस हा रोमन सेनानी मोठं सैन्य घेऊन याच मुलखात आला होता. त्याच्या सेनापतीवर दलदलीतल्या लाकडी वाटेवर हल्ला झाला, आणि पुढे एका मातीच्या बांधाशी लढाई झाली, हे टॅसिटसच सांगतो. मग काल्क्रीझचं मैदान वारुसचं की जर्मानिकसचं? काही अभ्यासक अजून दुसऱ्या बाजूला आहेत आणि त्यांचे मुद्दे मला कधीच पोकळ वाटले नाहीत.

तांब्याची नाणी वारुसच्या बाजूने बोलतात. लुगडुनम, म्हणजे आजचं लियों, इथल्या टांकसाळीतल्या या चिल्लर नाण्यांवर काही वेळा व्हीएआर असा शिक्का ठोकलेला आहे. तो वारुसचा. तो इसवी सन ७ मध्ये सुभेदार म्हणून आला, म्हणजे नाणी त्याच्या आधी जमिनीत जाऊ शकत नाहीत. आणि इसवी सन १० नंतर पाडलेली नाणी इथे मिळत नाहीत. विरोधक म्हणतात, सैनिकाच्या खिशात जुनी चिल्लर चार-सहा वर्षं सहज फिरते. खरंय. मग येतात हाडांचे खड्डे. ओबरएशवर असे आठ मिळालेत. त्यांत माणसांची आणि खेचरांची हाडं सरमिसळ आहेत. हाडांची तपासणी सांगते की ती पुरण्याआधी बरीच वर्षं उघड्यावर उन्हापावसात पडून होती, मांस गळून गेल्यावर कुणीतरी गोळा करून खड्ड्यात घातली. टॅसिटसने लिहिलंय की जर्मानिकस वारुसच्या मैदानावर गेला आणि सहा वर्षांपूर्वी मेलेल्यांची हाडं त्याच्या सैनिकांनी पुरली. मला हा पुरावा नाण्यांपेक्षा वजनदार वाटतो. जर्मानिकसच्याच लढाईतले मेलेले असते तर त्यांची हाडं वर्षांनंतर येऊन कोण पुरणार होतं?

२०२२ मध्ये बोखुमच्या खाणकाम संग्रहालयातल्या संशोधनाने आणखी एक वाट उघडली. प्रत्येक लीजनचे स्वतःचे लोहार-तांबट असत. मोडलेल्या पट्ट्या, बकला, कड्या वितळवून तेच पुन्हा नव्या करत. त्यामुळे वर्षं जातील तसं त्या लीजनच्या ब्राँझ-पितळेत सूक्ष्म अशुद्धींचं एक ठरावीक मिश्रण तयार होतं. १९ व्या लीजनचा मुक्काम आधी दक्षिण जर्मनीत डांगष्टेटनला होता, हे तिथल्या वस्तूंवरून माहीत आहे. तिथला धातू आणि काल्क्रीझचा धातू जुळला, आणि जर्मानिकसकडे असलेल्या लीजनच्या छावण्यांतला धातू वेगळा निघाला. ही बातमी आली तेव्हा मला शेजारच्या खड्ड्यातली ती मुडपलेली पट्टी आठवली. अशाच तुकड्यांच्या कणाएवढ्या नमुन्यावरून लीजन ओळखता येते!

हे सगळं टिकतं ते वस्तू कुठे मिळाली हे लिहिलेलं असतं म्हणून. हार्झहॉर्नची गोष्ट याच देशातली. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात रोमन इतक्या आत येऊन लढले असतील असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. २००० मध्ये डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्यांना तिथे लोखंडी वस्तू मिळाल्या आणि त्या घरात पडून राहिल्या. २००८ मध्ये एक विचित्र लोखंडी तुकडा पुरातत्त्वज्ञांपर्यंत पोचला. तो जनावराच्या खुराला बांधायचा रोमन जोडा निघाला आणि एक अख्खं अज्ञात रणांगण उजेडात आलं. आठ वर्षं ते कुणाच्या तरी कपाटात होतं. आपल्याकडे गडांच्या पायथ्याला, घाटवाटांवर, खिंडीत सापडलेल्या शिशाच्या गोळ्या, बाणाची टोकं, शिवराई किती कपाटांत असतील, या विचाराने मला झोप लागत नाही. भारतात १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं जमिनीत सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. पण कायदा किमतीवर चालतो, आणि रणांगण सांगणाऱ्या वस्तूला बहुधा किंमतच नसते. गोळी सापडली तर ती उचलण्याआधी मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश आणि जमिनीसकट फोटो घ्या आणि राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा, एवढं मी गडावर जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत असते. शक्य असेल तर उचलूच नका.

माझं मत वारुसच्या बाजूने आहे आणि ते मी चर्चेत ठामपणे मांडते. पण बांधाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. आर्मिनियसच्या लोकांनी दबा धरण्यासाठी तो रचला, असं आधी सगळे मानत. आता काही जण म्हणतात की ती वारुसच्या शेवटच्या छावणीची घाईघाईने उभी केलेली तटबंदी असावी. दोन्हींची तपासणी जमिनीतच करता येते. दबा धरण्यासाठी घातलेला बांध वाटेच्या एकाच अंगाला असणार, तर छावणीला चारही बाजूंनी तट लागतो आणि खंदक बाहेरच्या अंगाला. म्हणून गेल्या काही वर्षांत खड्डे बांधापासून दूर, उत्तरेकडे, दलदलीच्या बाजूला घेतले जाऊ लागलेत. तिथे पाणी लवकर लागतं, पंप चालू ठेवावा लागतो, आणि वाळूत खंदकाची कड ओळखायला फार सरावलेली नजर लागते.